पूजेतली पक्कड

ट्रकचं इंजिन बदलायचं शेठनं ठरवलं तेव्हा त्यानं कोणालाही विचारलं नाही. गाडी त्याची, इंजिन त्याचं, विचारायचं कोणाला, हे मला कळतं. पण ज्याचा पाय त्या गाडीच्या क्लचवर इतकी वर्षं होता, त्याला निदान सांगायचं तरी होतं. ते त्याच्या डोक्यातही आलं नाही. आजही कोणी नव्या इंजिनाची थोरवी सांगायला लागलं की मला तो शेठ आठवतो आणि माझं डोकं तापतं. या वयात राग करू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

साठ साल उलटलं होतं. अकोल्यात बाळापूरच्या रस्त्यावर एक गॅरेज होतं, तिथं मी फिटर होतो. शेठ अमरावतीचा, संत्र्यांचा व्यापारी. मोर्शीकडच्या बागा घ्यायचा आणि माल अकोल्याला, पातूरला, बाळापूरला पोचवायचा. त्याचा ट्रक म्हणजे लढाई संपल्यावर लिलावात निघालेली लष्करी गाडी. पेट्रोलवर चालायची आणि पेट्रोल अक्षरशः ढोसायची. तिच्यावर ड्रायव्हर होते बाळापूरचे एक चाचा. पांढरी दाढी, डोळ्यांत सुरमा, तोंडात कायम लवंग. मी गॅरेजात नवा असताना इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं कसं ओळखायचं, हे त्यांनी मला शिकवलं. जेवायला बसले की डबा मधे ठेवायचे आणि म्हणायचे, "हात घाल." दुसऱ्या कोणी मला आपल्या डब्यात हात घाल म्हटल्याचं मला आठवत नाही.

चाचांचा डावा गुडघा अधू होता. पातूरच्या घाटात याच शेठच्या गाडीचं चाक बदलताना जॅक घसरला आणि गुडघा दबला. शेठनं तेव्हा काय केलं? दुसऱ्या दिवशी माल वेळेवर पोचला का, एवढं विचारलं. गुडघा आपला आपण बरा झाला, म्हणजे अर्धा झाला. चाचा चढताना उजवा पाय आधी टाकायचे, आणि कोणी पाहतंय असं वाटलं की लुंगी झटकल्यासारखं करून थांबायचे. जुन्या गाडीचा क्लच हलका होता, त्यामुळे निभत होतं.

शेठनं कुठून तरी एका अपघात झालेल्या नव्या गाडीचं डिझेल इंजिन मिळवलं आणि बैलगाडीत घालून आमच्या अंगणात आणून टाकलं. "बसवा," म्हणाला. आमच्या मालकानं हो म्हटलं. मालक कामाला पक्का होता, हे मी नाकारणार नाही. इंजिन बसलं, गियरबॉक्स जुळला, आणि मग सगळं येऊन अडलं ते क्लचवर.

जुन्या इंजिनाचा क्लच उघडणारा काटा डाव्या अंगाला होता. पेडलपासून एक सरळ सळई त्याला जोडलेली. पाय दाबला की सळई सरकायची, काटा हलायचा, बस. नव्या इंजिनाचा काटा निघाला उजव्या अंगाला. पेडल एकीकडे, काटा दुसरीकडे. तेव्हा चेसिसच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत एक आडवा दांडा टाकायचा, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक लोखंडी पट्टी जोडायची, डाव्या पट्टीला पेडलची सळई आणि उजव्या पट्टीला काट्याची सळई. पेडल दाबलं की दांडा फिरणार, दांडा फिरला की काटा ओढला जाणार. बोलायला सोपं आहे.

मालकानं डावी पट्टी आखूड ठेवली. त्यामुळे काटा पुरा हलत होता, पण पेडल असं जड झालं की मी दोन्ही हातांनी सीट धरून दाबत होतो. चाचा वर चढले, पाय ठेवला, दाबला. पेडल अर्ध्यावर गेलं. त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या. मग त्यांनी पाय काढला आणि बाहेर बघत बसले.

शेठ खाली उभा होता. त्याच्यासोबत त्याचा भाचा, चांगला दंड-बैठका मारणारा, नुकतंच लायसन काढलेला. चाचा बाजूला सरकले, भाचा वर चढला आणि त्यानं एका लाथेत पेडल खाली घातलं. शेठ हसला. "इंजिन बरोबर हाय ना बाप्पा," म्हणाला, "पायच बदलाव लागते."

एखाद्या टायरबद्दल बोलावं तसं बोलला तो. चाचा वर बसलेले, ऐकत होते. हातात पाना होता माझ्या, तो मी घट्ट धरून ठेवला, नाही तर काय केलं असतं सांगता येत नाही.

मी म्हटलं, "शेठ, पेडल हलकं होते. मले दसऱ्यालोक द्या."

शेठला दसऱ्यापर्यंतची मुदत सोयीचीच होती. संत्र्याचा माल दसऱ्यानंतर निघायचा आणि पहिली खेप मुहूर्तावर न्यायची त्याची रीत होती. म्हणाला, "ठीक हाय. दसऱ्याले दुपारच्या आत चाचानं माह्यासमोर गाडी नाक्यालोक न्यावं अन् आणावं. गियर एकडाव बी बोंबलला, तं किल्ली भाच्याच्या हातात." मग चाचांकडे न बघता अमरावतीला निघून गेला.

आता मी काय केलं ते सांगतो, कारण त्यात जादू काही नव्हती. डावी पट्टी मी लांब केली. त्यानं पेडल हलकं झालं, पण काटा कमी हलायला लागला. क्लच पुरता सुटेना, गियर टाकला की असा ओरडायचा की रस्त्यावरची माणसं मान वळवायची. मालक म्हणाला, "एक तं हलकं होईन, नाही तं पुरं सुटन. दोन्ही होत नाही, लेका." हे काही खोटं नव्हतं. पण मी गाडीखाली पडून चाचांना हळूहळू पेडल दाबायला लावलं आणि नुसता बघत राहिलो. तेव्हा दिसलं की पायाचा निम्मा जोर काट्यापर्यंत पोचतच नाही. जोडाच्या जुन्या पिना झिजलेल्या, त्यांची भोकं लांबट झालेली. पेडल निघायचं, आणि पिना आपल्या भोकातच डुलत बसायच्या. आडव्या दांड्याचा आधार मालकानं केबिनच्या पत्र्याला ठोकला होता, तो पत्राच वाकायचा. मी आधार काढून चेसिसच्या जाड लोखंडाला बोल्ट केला. भोकं भरून पुन्हा पाडली, त्यांत पितळी बांगड्यांसारखे बुश बसवले, आणि नव्या पिना अशा घोटून बसवल्या की फिरतील पण हलणार नाहीत. सगळ्या जोडांना ग्रीस भरलं. वाया जाणारा जोर थांबला तसा काटा पुरा हलायला लागला. पेडलही हलकं राहिलं.

अष्टमीला चाचांनी पेडल दाबलं. गेलं. सोडलं. आलं. गियर टाकला, मुकाट पडला. चाचांनी खिशातून लवंग काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या मालकाच्या घरची चाल अशी की नवमीला सगळी हत्यारं धुऊन-पुसून फळीवर मांडायची, लाल दोरा बांधायचा, हळद-कुंकू, झेंडू, नारळ. एकदा पूजा झाली की एकादशीच्या सकाळपर्यंत कोणी पान्याला बोट लावायचं नाही. गॅरेजातले सगळे हे पाळायचे. मला त्या पूजेत काडीचा रस नव्हता. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली, आणि घरातले देव माझ्या आईनं स्वतःच्या हातानं बाहेर काढले. पण मला रस नसणं वेगळं आणि त्यांनी मला उंबरा दाखवणं वेगळं. वर्षभर ट्रकखाली मी आणि मालक खांद्याला खांदा लावून पडायचो. तो हात लांब करायचा, मी पाना द्यायचो. मी हात लांब करायचो, तो द्यायचा. दोघांचे हात कोपरापर्यंत काळे, कोणाचा कुठला ते आमच्या आयांना ओळखू आलं नसतं. आणि नवमीला तोच मालक म्हणाला, "तू भायेरच थांब जरा." मी थांबलो. पूजा झाल्यावर त्यानं नारळाचा तुकडा माझ्या हातावर वरून टाकला. मी हात पुढे केलाच नव्हता. तुकडा खाली पडला आणि मी घरी निघून गेलो.

दसऱ्याच्या सकाळी मी, माझी बायको आणि आई अकोला स्टेशनवर होतो. नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं. सगळा फलाट पांढऱ्या कपड्यांनी भरला होता. मीही नवा पांढरा सदरा घातला होता. तेवढ्यात गॅरेजातला दुसरा फिटर सायकल मारत आला. धापा टाकत म्हणाला, "चाल लवकर. पेडल अटकलं. दाबलं तं वरतेच येत नाही. शेठ आला हाय, भाचा बी आला हाय."

"अष्टमीले तं बरोबर होतं."

"मले काय मालूम. मालकानं तुलेच बोलावलं. आमाले हत्यार उचलता येत नाही ना आज." मग अगदी साधेपणानं म्हणाला, "तुले तं चालते."

तुले तं चालते! मी त्याला तिथंच चार शब्द ऐकवले, ते इथं लिहिता येण्यासारखे नाहीत. तो बिचारा गोंधळून गेला. आपण काय बोललो हेच त्याला कळलं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

आई म्हणाली, "कोन्या गाडीचं हाय?"

"चाचाच्या."

तिनं गाडी येणाऱ्या रुळाकडे पाहिलं. "मंग जाय. आमी दोघी जातो. कपडे सांभाळजो."

गॅरेजात पोचलो तर ट्रक ओळखू येईना. शेठनं नवमीला दुपारी रंगारी आणला होता. बॉडी रंगवली ती रंगवली, पण दसऱ्याला गाडी नखशिखांत नवी दिसली पाहिजे म्हणून चेसिस रंगवली, सळया रंगवल्या, माझा आडवा दांडा रंगवला, पेडलही लालभडक केलं. रंग धरावा म्हणून आधी रॉकेलच्या चिंधीनं सगळं ग्रीस पुसून काढलं. मी घोटून बसवलेल्या पिनांमध्ये तो दाट तेल्या रंग शिरला आणि रातोरात वाळला. वर हळद, कुंकू, झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं. गाडीची शोभा पाहून घ्यावी, आणि गाडी चालू नये.

शेठ घड्याळ बघत होता. "बारा वाजाच्या आत निघालं पाह्यजे. म्हाताऱ्याच्या पायानं होत नाही, तं उतरा म्हना त्याले. भाचा दाबन लाथेनं." अटकलेलं पेडल भाच्यानं लाथेनं दाबलंही असतं, नि पायाच्या बोटांनी वर ओढलंही असतं. तेवढ्यावर चाचांची सीट गेली असती. चाचा वरच बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नवीन धुतलेला सदरा घालून.

काम घोटभर चहा प्यायच्या वेळाचं होतं. पिना काढायच्या, रंग खरवडायचा, ग्रीस भरून परत घालायच्या. चाचांना स्वतःला करता आलं असतं, त्यांनाही ती पूजा लागू नव्हती. पण गाडीखाली सरकायला गुडघा वाकत नव्हता, आणि तो वाकत नाही हे शेठसमोर दाखवायचं नव्हतं.

मालक हत्यारांच्या खोलीच्या दारात उभा होता. आत फळीवर पाने, हातोड्या, पक्कड, सगळं दोऱ्यात बांधलेलं. तो बाजूला सरकला. "जाय, घे काय लागते ते. तुले काही नाही त्याचं."

काल भायेर थांब, आणि आज जाय आत. काल माझा हात विटाळ करत होता, आज माझा हात मोजलाच जात नव्हता, आणि या दोन्ही गोष्टी तो एकाच तोंडानं सांगत होता. माझ्या कानशिलात घण पडायला लागले.

मी म्हटलं, "मी आत येत नाही. तुमी द्या."

"मी कसा देऊ? एकादशीलोक हात लावत नाही आमी, तुले मालूम हाय."

"मंग राहू द्या तशीच."

शेठ ओरडला, "अबे, काय चालून राह्यलं हे? वेळ चालला!"

मी चाचांकडे पाहिलं. त्यांच्या सीटसाठीच मी आलो होतो, आणि आता मीच उशीर करत होतो. मी आत गेलो असतो आणि पक्कड उचलली असती, तर ते काम केव्हाच झालं असतं. कोणी मला नावं ठेवली नसती. त्यांनी एकदा जरी म्हटलं असतं, घे बेटा, तर मी घेतली असती. चाचांनी केबिनच्या दारातून मान बाहेर काढली. सगळं त्यांनी ऐकलं होतं. तोंडातली लवंग या गालातून त्या गालात नेली आणि म्हणाले, "घाई करू नको, बेटा. मी बसून हावो."

मी हात पुढे धरून उभा राहिलो.

मालक आत गेला. त्यानं पकडीचा दोरा सोडला, उपरण्याच्या टोकात ती धरली, बाहेर आणली आणि माझ्या हातावर वीतभर वरून सोडली. अगदी नारळाच्या तुकड्यासारखी. मी हात मागे घेतला. पक्कड फरशीवर खणकन पडली.

"उचला," मी म्हटलं. "अन् हातात द्या. वर्षभर देता तशी."

त्याचा चेहरा लाल झाला. पण त्याआधी शेठच किंचाळला, "दे ना बे त्याच्या हातात! मुहूर्त टळून राह्यला माहा!" शेठला माझ्या हाताचं काही पडलं नव्हतं. त्याला बारा वाजायच्या आत गाडी हवी होती. त्याच्या हावेनं माझं काम केलं, याचीही मला चीडच आली.

मालकानं उपरणं खांद्यावर टाकलं, वाकून पक्कड उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. त्याची बोटं माझ्या हाताला लागली. तीच बोटं, तोच अंगठ्यावरचा जुना कापल्याचा व्रण. मला ती अंधारातही ओळखू आली असती. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, त्यानं पाहिलं नाही.

पांढऱ्या सदऱ्यानिशी मी गाडीखाली गेलो. पिना काढल्या, भोकांतला रंग पकडीच्या टोकानं खरवडला, ग्रीस भरलं, पिना घातल्या. रागाच्या भरात एक पिन दोनदा निसटली. सगळं जोडून झालं आणि मी ओरडलो, "चाचा, दाबा!" आडवा दांडा माझ्या नाकासमोर फिरला आणि परत आला. पुन्हा फिरला, पुन्हा आला.

चाचांनी गाडी नाक्यापर्यंत नेली आणि आणली. आम्ही सगळे कान लावून उभे होतो. एकही गियर ओरडला नाही. शेठ भाच्याला घेऊन मागच्या फाळक्याकडे गेला. चाचा तशीच गाडी घेऊन मोर्शीला निघाले. नागपूरची माझी गाडी केव्हाच गेली होती. सदऱ्याच्या खांद्यावर शेठचा लाल रंग लागला होता, तो आईला शेवटपर्यंत काढता आला नाही.

पुढल्या वर्षी नवमीला मी गॅरेजात गेलोच नाही. एकादशीच्या सकाळी कामावर गेलो. हत्यारं पूजेतून निघून आपापल्या खिळ्यांवर लटकली होती, प्रत्येकाला हळदीचं बोट लागलेलं. ती पक्कड तेवढी उंबऱ्याच्या बाहेर, जमिनीवर पडली होती. तिला दोरा नव्हता, हळद नव्हती, आणि वर दोन दिवसांची धूळ बसली होती.

"हे भायेर कावून?" मी विचारलं.

मालक खाली बघूनच म्हणाला, "ते तुयीच आता. तुया हातची झाली ना ते."

मी पक्कड उचलली, पुसली आणि खिशात घातली.

दुपारी चाचांचा ट्रक आला. क्लचच्या सळईचा नट जरा ढिला झाला होता. चाचा वर पेडल दाबून बसले, मी आणि मालक खाली सरकलो, नेहमीसारखे खांद्याला खांदा लावून. काळोखात चाचपडत मालकानं हात लांब केला, सवयीनंच.

"पक्कड दे बे," तो म्हणाला.

पक्कड माझ्या खिशातच होती. मी ती काढली, त्याला दिसेल अशी धरली.

"हे माही हाय, मालक. तुमी तुमची पुजेतली घेऊन या."

मालक गाडीखालून सरपटत बाहेर निघाला. वर चाचा हसत होते, मला त्यांचं पोट हलल्याचं पेडलवरून कळत होतं, पण त्यांनी पाय काढला नाही.